यंत्र स्वस्त, शाई महाग : पानाचा भाव कोण सांगणार?

प्रिंटर घ्यायला दुकानात गेलेला आपला व्यापारी बंधू साधारणतः तीन प्रश्न विचारतो. किंमत किती, रंगीत निघते का आणि गॅरंटी किती वर्षांची? एक पान काढायला किती पैसे पडतात, हा चौथा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. कापड घेताना आपण मीटरचा भाव विचारतो, तांदूळ घेताना किलोचा, आणि मोटारसायकल घेताना तर ती लिटरला किती चालते हे विचारल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. हीच व्यवहारबुद्धी प्रिंटरच्या दुकानात शिरताना कुठे हरवते, हे कोडेच आहे. चार हजारांत यंत्र मिळाले म्हणून खुशीत घरी यायचे आणि पुढची तीन वर्षे शाईच्या डबीपायी हळहळत बसायचे, असा प्रकार पनवेलच्या बाजारात आणि मोहल्ल्यांत सर्रास दिसतो.

प्रिंटर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, एप्रिल २०१८ पासून मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आले, आणि ज्याचा कारभार आयुष्यभर लाल कापडाच्या वहीत चालला त्यालाही कागद छापून देणे भाग पडले. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, हजचा अर्ज, आधार आणि रेशनचे कागद सगळे ऑनलाइन भरायचे, पण शेवटी त्याची छापील प्रत जोडायचीच. शिवाय घरबसल्या माल विकणाऱ्यांचा नवा वर्ग तयार झाला आहे. प्रत्येक पार्सलवर पत्त्याचे लेबल चिकटवायचे म्हणजे घरात प्रिंटर हवाच. पनवेल आज महानगरपालिका आहे, शेजारी कळंबोलीचा लोखंड बाजार आहे, पलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचेही उद्घाटन झाले. कागदाचे काम वाढणार आहे, कमी होणार नाही.

आमच्या माहितीतील एका भगिनीची हकिगत सांगतो, कारण ती अनेकींची आहे. ही भगिनी घरी बुरखे आणि लहान मुलांचे कपडे शिवते व मोबाइलवरून विकते. तिने शाईचा एक स्वस्त प्रिंटर घेतला. रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यात मागणी वाढली, रोज वीस-पंचवीस लेबले निघू लागली. ईदच्या आठ दिवस आधी प्रिंटरने लाल दिवा दाखवला. लेबल काळ्या अक्षरांचे, काळी शाई शिल्लक; पण निळी, पिवळी किंवा गुलाबी यांपैकी एखादी संपली म्हणून यंत्र काळेही छापीना! रात्री तरावीहच्या वेळी मुलाला झेरॉक्सच्या दुकानात पिटाळावे लागले. दुसऱ्या दिवशी नवी कार्ट्रिजे आणली, त्या खर्चात निम्म्या लेबलांचा नफा गेला. ईदनंतर काम थंडावले आणि प्रिंटर दीड महिना कपड्याखाली झाकून पडला. बकरी ईदच्या आधी सुरू केला तेव्हा पानावर पांढऱ्या रेघा येऊ लागल्या. दुकानदाराने सांगितले, "बाजी, हेड सुकलं. नवीन कार्ट्रिज टाका." म्हणजे जी शाई वापरलीच नाही तिचेही पैसे गेले.

यात त्या भगिनीचा काय दोष? आपल्या कामाला हंगाम असतो, रमजान-ईदला तेजी आणि मग मंदी. हे यंत्र मात्र रोज दोन पाने काढणाऱ्यासाठी बनवलेले आहे. विकणाऱ्याने हे सांगितले असते तर तिने दुसरे यंत्र घेतले असते. त्याने ते सांगितले नाही.

आता हिशेब मांडू. समजा, एका काळ्या कार्ट्रिजची किंमत आठशे रुपये आहे आणि आत शाई चार मिलिलिटर. छोट्या कार्ट्रिजमध्ये शाई एवढीच असते, विश्वास नसेल तर खोक्यावरचे बारीक अक्षर वाचावे. मिलिलिटरला दोनशे रुपये झाले. आपल्याकडे अत्तर तोळ्यावर विकतात. त्या मापाने ही शाई तोळ्याला सुमारे तेवीसशे रुपयांना पडली. तेवीसशे रुपये तोळ्याच्या भावात कोणते अत्तर येते हे जाणकारांना विचारावे. ते कपड्याला लावले तर दोन जुमे वास टिकतो. लिटरचा भाव काढला तर दोन लाख रुपये होतो.

आता दुसरी बाजू. टाकीच्या प्रिंटरसाठी जी शाईची बाटली मिळते, तिच्यात ६५ मिलिलिटर काळी शाई असते आणि एप्सन कंपनी तिच्यातून साधारण ४,५०० पाने निघतात असे सांगते. बाटली चारशे-साडेचारशेला धरली तर मिलिलिटरला सहा-सात रुपये पडतात. कुठे दोनशे आणि कुठे सात! कार्ट्रिजवाल्या कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बऱ्याच कार्ट्रिजमध्ये शाईबरोबर छापणारे डोकेही असते, म्हणजे दर वेळी आपण नवे डोके विकत घेतो. पण म्हणून तीसपट?

हे डोके काम कसे करते ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे, म्हणजे पुढे कोणी फसवणार नाही. शाईच्या प्रिंटरचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात केसाहून बारीक छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. तो क्षणभर तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. एचपी आणि कॅनन यांचे घरगुती प्रिंटर या पद्धतीचे. दुसऱ्या प्रकारात विजेने आकसणारा स्फटिक थेंब ढकलतो, ती एप्सनची पद्धत. दोन्हींत छिद्रे इतकी बारीक असतात की हवा लागली की शाई सुकते. म्हणून प्रिंटर बंद करताना यंत्र आपले डोके एका रबरी टोपीवर नेऊन ठेवते. आपण मात्र प्रिंटरचे बटण न दाबता भिंतीवरचे बटण खटकन् बंद करतो, किंवा मध्येच वीज जाते. मग डोके उघडेच राहते आणि सुकते. वीज पुन्हा आली की यंत्र स्वतःची साफसफाई करते, आणि ही साफसफाई शाईनेच होते. ती वाया गेलेली शाई आत एका बोळ्यात मुरते. काही प्रिंटर तो बोळा भरला की कामच थांबवतात आणि सर्व्हिस मागतात. पावसाळ्यात कागद ओलसर होऊन अडकतो तो त्रास वेगळा. पनवेलच्या पावसात उघडे ठेवलेले रीम दोन दिवसांत पापडासारखे वाकते, ते हवाबंद पिशवीत ठेवावे.

शाई सुकणे हा निसर्गाचा नियम झाला, पण चिप हे माणसाचे काम आहे. कार्ट्रिजवर नखाएवढा एक तुकडा असतो. किती पाने निघाली याची तो गणती ठेवतो आणि कार्ट्रिज कंपनीचेच आहे का हेही तपासतो. शाई भरून दिली तरी चिप म्हणते, संपली. १३ सप्टेंबर २०१६ रोजी जगभरातील एचपीच्या अनेक प्रिंटरनी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजे एकाएकी नाकारली. यंत्रातील प्रणालीतच कंपनीने तशी तरतूद करून ठेवली होती. ओरड झाल्यावर महिनाअखेरीस कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि ते बंधन काढण्याचा मार्ग दिला, पण धोरण सोडले नाही. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने याच विषयात एचपीला एक कोटी युरोंचा दंड केला. जानेवारी २०२४ मध्ये या कंपनीच्या प्रमुखांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत असेही सांगून टाकले की जो ग्राहक पुरेसे छापत नाही किंवा आमची शाई वापरत नाही, तो आमच्या दृष्टीने तोट्याची गुंतवणूक आहे. स्पष्टवक्तेपणाबद्दल त्यांचे आभार मानावेत! म्हणजे चार हजारांचा प्रिंटर घेऊन आपण मालक झालो असे आपण समजतो, आणि तिकडे आपली नोंद गुंतवणूक म्हणून झालेली असते.

चिप खरोखर किती आवश्यक आहे याचा निवाडा एकदा आपोआपच झाला. जगभर चिपचा तुटवडा पडला तेव्हा, २०२२ च्या आरंभी, कॅननला आपल्या काही कार्यालयीन यंत्रांसाठी चिपविना टोनर पाठवावे लागले. यंत्रे ते खोटे समजून इशारे देऊ लागली, तेव्हा तो इशारा कसा बाजूला सारायचा हे कंपनीनेच जर्मनीतील ग्राहकांना शिकवले आणि छपाईच्या दर्जावर परिणाम होत नाही असेही सांगितले. जे काम आपला रिफिलवाला पोरगा करतो तेव्हा ते गैर ठरते, तेच कंपनीने अडचणीत केले.

न्यायालयांचे म्हणणे काय? लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने रिकामी कार्ट्रिजे भरून विकणाऱ्या एका छोट्या कंपनीवर पेटंटचा दावा केला होता. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. घेणाऱ्याने ती पुन्हा भरावी, विकावी, त्याची मर्जी. आपल्याकडे प्रिंटरचा नव्हे, पण त्याच जातीचा खटला मोटारींच्या सुट्या भागांचा झाला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना न देता आपल्याच सर्व्हिस स्टेशनात कोंडून ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली तो भाग वेगळा. पण आपल्या समाजातील हजारो मेकॅनिक ज्या धंद्यावर जगतात त्या धंद्याच्या बाजूने आयोगाने तत्त्व मांडले, आणि याची वार्ता किती गॅरेजांपर्यंत पोचली? जे मोटारीच्या भागाला लागू, ते कार्ट्रिजला का लागू होऊ नये, असा प्रश्न आपल्या रिफिलवाल्यांनी एकत्र येऊन विचारायला हरकत नाही.

सगळा दोष कंपन्यांवर ढकलून मोकळे होणे मात्र आम्हाला मान्य नाही. २००७ मध्ये कोडॅकने उलटा प्रयोग केला होता. प्रिंटर थोडा महाग आणि शाई स्वस्त, काळे कार्ट्रिज दहा डॉलरच्या आत. हा सरळ व्यवहार होता. पण गिऱ्हाईक दुकानात जाऊन दोन खोकी शेजारी ठेवतो आणि स्वस्त खोके उचलतो. २०१२ मध्ये कोडॅकचे दिवाळे निघाले आणि त्याच वर्षी घरगुती प्रिंटर विकणे थांबवत असल्याचे तिने जाहीर केले. दिवाळ्याची कारणे अनेक होती, पण सरळ व्यवहार तिला तारू शकला नाही हे खरे. ज्या बाजारात घेणारा फक्त पहिला आकडा पाहतो, तिथे विकणारा दुसरा आकडा लपवायला शिकतो.

मग ही बाटलीची टाकी आली कुठून? कंपन्यांच्या मेहरबानीतून नव्हे. इंडोनेशियात, म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात, फोटोवाले आणि झेरॉक्सवाले साध्या प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि बारीक नळ्या जोडून ढिगाने छापत होते. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंतही असे नळ्यांचे जाळे अनेकांनी पाहिले असेल. एप्सनने पाहिले की कार्ट्रिजचा धंदा तिथे बुडालाच आहे. तेव्हा २०१० मध्ये तिने इंडोनेशियातच कारखान्यात बसवलेल्या टाकीचा प्रिंटर काढला. पुढे तो भारतात आला आणि कॅनन, एचपी, ब्रदर यांनाही त्याच वाटेने जावे लागले. पेठेतल्या कारागिराने बड्या कंपनीला आपला व्यवहार बदलायला लावला.

आणि शाई बनवणे आपल्या हातांना नवीन थोडेच आहे? मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले तेव्हा यंत्र लाकडाचे होते आणि शाई त्यांनी स्वतः खटपट करून तयार केली होती. उर्दू कातिब तर काजळी आणि डिंक खलून आपली रोशनाई घरीच बनवीत. तो माणूस एकेका कागदाचा खर्च तोंडपाठ सांगू शकत असे.

आता थोडे स्वतःच्या घरात पाहू, आणि हे काहींना कडू लागेल. पनवेल असो, मुंब्रा असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, प्रिंटर विकणाऱ्यांत, दुरुस्त करणाऱ्यांत आणि कार्ट्रिज भरून देणाऱ्यांत आपले कितीतरी तरुण आहेत. हात चांगले, डोके चलाख. पण यांतले काही जण गिऱ्हाइकाला स्वस्त कार्ट्रिजवालाच प्रिंटर देतात, कारण त्यांना ठाऊक असते की हा दर दोन महिन्यांनी कार्ट्रिज घ्यायला परत येणार. काही जण पाण्यासारखी शाई भरतात. आणि काही जण, अल्लाह त्यांना समज देवो, भरलेले कार्ट्रिज कंपनीच्या रिकाम्या खोक्यात घालून अस्सल म्हणून विकतात.

कुरआनमध्ये माप मारणाऱ्यांसंबंधी एक संपूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आतला माल ओला लागला, तेव्हा विक्रेत्याला त्यांनी दाखवून दिले की भिजलेला माल वर ठेवायला हवा होता, म्हणजे लोकांना दिसला असता. ही हदीस आपण सर्वांनी जुम्याच्या बयानात ऐकली आहे. प्रिंटरमधील ओला माल म्हणजे पानाचा भाव. तो राशीच्या आत दडलेला असतो. फिकहमध्ये मालातील दोष लपवला असेल तर घेणाऱ्याला सौदा परत फिरवण्याचा हक्क आहे, त्याला खियारे-ऐब म्हणतात. छपाईचा खर्च न सांगणे हा त्या अर्थाने दोष ठरतो का, हे उलमांनी सांगावे. आम्ही फतवा देणारे नव्हेत. पण एवढे नक्की की जो दुकानदार न विचारता पानाचा भाव सांगेल, त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही.

धंद्याच्या दृष्टीनेही बनावट खोक्याचा व्यवहार आत्मघातकी आहे. शाई भरून देणे हा प्रामाणिक कारागिरीचा धंदा आहे आणि "भरलेले आहे" असे सांगून विकण्यात काहीही लपवण्यासारखे नाही. परंतु दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यात घालून विकणे हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. दोनशे रुपयांच्या लोभापायी दुकानावर धाड येते आणि मग बदनामी एकट्याची होत नाही, आपल्या साऱ्या दुकानांकडे संशयाने पाहिले जाते. गिऱ्हाइकांनीही रिकामे खोके भंगारवाल्याला देण्यापूर्वी फाडून टाकावे.

आता घेणाऱ्याने काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. महिन्याला दहा-वीस पाने लागत असतील तर प्रिंटर घेऊच नका. झेरॉक्सवाल्याला पाच रुपये द्या. तोही आपलाच भाऊ आहे. मशीन धूळ खात पडण्यापेक्षा ते परवडते.

रोज पाच-सहा पाने निघत असतील, त्यात रंगीतही असतील, तर टाकीचा प्रिंटर घ्यावा. तो समजा अकरा हजारांना पडला आणि कार्ट्रिजवाला चार हजारांना, तर फरक सात हजारांचा. कार्ट्रिजवर पानाला पाच रुपये आणि टाकीवर दहा पैसे धरले तर सुमारे चौदाशे तीस पानांत हा फरक भरून निघतो, म्हणजे वर्षभराच्या आत. त्यानंतरची सगळी बचत. पाच रुपये हा दर आम्ही वाढवून सांगत नाही. आठशेच्या कार्ट्रिजमधून दीडशे पाने निघाली तर तो सव्वापाचच्या पुढे जातो. खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या ही थोडा मजकूर असलेल्या नमुन्याच्या पानावर आणि सलग छपाईवर मोजलेली असते. रोज एक पान काढून यंत्र बंद करणाऱ्याला तेवढी पाने कधीच मिळत नाहीत. टाकीच्या प्रिंटरचीही छिद्रे सुकतात, तेव्हा आठवड्यातून एक रंगीत पान काढावेच.

काम फक्त काळ्या अक्षरांचे आणि हंगामी असेल, जसे त्या शिवणकामवाल्या भगिनीचे, तर लेझर प्रिंटर. त्यात शाई नसते, भुकटी असते. ती दोन महिने पडून राहिली तरी सुकत नाही. एचपीचा जुना १०२० नंबरचा प्रिंटर अनेक दुकानांत वर्षानुवर्षे चालत आला, त्याचे कारणच हे. त्याच्या १२-ए टोनरमध्ये दोन हजार पाने निघतात आणि अडवणारी चिप नाही, कोणीही भुकटी भरून देतो. नवीन लेझर घेताना हेच विचारावे : टोनर भरून चालतो का, चिप आहे का? नुसती लेबले काढायची असतील तर उष्णतेने छापणारा थर्मल प्रिंटर आणखी सोपा, त्याला शाईच लागत नाही. मात्र थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात, तेव्हा थर्मल बिलाची झेरॉक्स काढून ठेवावी. नाही तर अधिकाऱ्यापुढे पांढरा कागद धरून उभे राहण्याची पाळी येईल.

आणि कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत जे खडखडाट करणारे जुने डॉट मॅट्रिक्स दिसतात, त्यांना हसू नये. बिल्टीच्या तीन-चार प्रती कार्बनवर एका झटक्यात त्यांच्याशिवाय कोण काढतो? त्यांची रिबनही सांगून जाते. अक्षर फिके होत जाते, चार दिवस आधी कळते, तोवर काम अडत नाही. एक रंग संपला म्हणून रुसून बसण्याची खोड त्या यंत्राला नाही.

घेताना बिल पक्के घ्यावे, जीएसटी नोंदणी असेल तर धंद्याच्या नावाने, म्हणजे भरलेला कर वळता करून घेता येतो. आणि एक गोष्ट जी आपल्या कारागिरांना सहसा ठाऊक नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही, असे सांगून दुकानदार वाटेला लावतात. हे अर्धसत्य आहे. स्वतः राबून, केवळ पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस त्या कामासाठी वस्तू घेतो तेव्हा तो कायद्याने ग्राहकच आहे. शिंपी, लेबल चिकटवून कपडे विकणारी गृहिणी, एकट्याने झेरॉक्सचे दुकान चालवणारा हे सगळे त्यात बसतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात ती चालते. आपला आयोग अलिबागला आहे. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. वस्तूची किंमत आणि दर्जा यांची माहिती मिळणे हा या कायद्याने ग्राहकाचा हक्क मानला आहे, हे दुकानदाराला शांतपणे ऐकवावे.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टलही सुरू केले. मोबाइल, घरगुती उपकरणे, मोटारी, शेतीची अवजारे यांवर तिचा भर आहे. या यादीत कार्ट्रिजचा उल्लेख ठळकपणे यावा म्हणून पनवेल-नवी मुंबईतील दुरुस्तीवाल्यांनी आणि रिफिलवाल्यांनी सह्या करून एक निवेदन पाठवावे. मराठीत लिहिले तरी चालते, आणि मजकूर लिहून द्यायला आम्ही तयार आहोत.

तोवर एक काम या जुम्यापासून सुरू करता येईल. ज्यांची प्रिंटरची दुकाने आहेत त्यांनी प्रत्येक यंत्रावर किमतीच्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी लावावी : काळे पान इतके पैसे, रंगीत पान इतके पैसे. रिफिलवाल्यांनीही पाटीवर लिहावे की शाई कोणत्या बनावटीची, किती मिलिलिटर भरली आणि बिघाड झाला तर किती दिवसांत बदलून देऊ. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की मोहल्ल्यात प्रिंटरची खरेदी वाढते, त्यापूर्वी या चिठ्ठ्या लागलेल्या असाव्यात. ज्या दुकानांत त्या लागतील त्यांनी आम्हाला दराच्या आकड्यांसह कळवावे, या पानावर आम्ही ते दर छापू.